विद्यार्थी थरारपटाची पहिली दोन मिनिटे: पिठाच्या गिरणीतला प्रसंग

मृद्गंध (धागाकर्ती)

नमस्कार. मी साताऱ्यात माध्यम अभ्यासाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या पाच जणांच्या गटाला वर्षअखेरीच्या प्रकल्पासाठी एका थरारपटाची केवळ सुरुवात करून द्यायची आहे. पुढचा चित्रपट होणार नाही. नामावलीसह जास्तीत जास्त दोन मिनिटांचा भाग सादर करायचा आणि तो संपताना पाहणाऱ्याला पुढचे पाहावेसे वाटले पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे.

गटातल्या एका मित्राच्या काकांची पिठाची गिरणी आहे आणि रात्री साडेनऊनंतर ती आम्हाला वापरायला मिळणार आहे. जागा पाहताक्षणीच मनात भरली. भिंतीलगत स्टीलच्या आणि पत्र्याच्या डब्यांची रांग, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, कोपऱ्यांत पिठाने पांढरी झालेली जळमटे आणि पट्ट्याचा सततचा फटफटाट. तिथे आम्ही असा प्रसंग बसवला: एक तरुणी रात्री उशिरा दळण न्यायला येते, गिरणी चालू आहे पण आत कोणी नाही, ती हाका मारत आत जाते, वीज जाते, मागून तिच्या खांद्यावर हात पडतो, ती किंचाळते आणि लाल अक्षरांत ‘दळण’ हे शीर्षक येते.

तालीम म्हणून हे सगळे मोबाइलवर चित्रित करून वर्गातल्या दहा-बारा जणांना दाखवले. हात आला तेव्हा दोघीजणी दचकल्या खऱ्या, पण त्या मुलीचे पुढे काय झाले असेल, हे एकानेही विचारले नाही. त्याचे मला फार वाईट वाटले, कारण आम्ही त्यावर चार रात्री घालवल्या होत्या. शिवाय गिरणीच्या आवाजात मुलीची हाक बुडाली, वीज गेल्यानंतरचे चित्र नुसते करडे आणि दाणेदार दिसते आणि शीर्षकाची शिरोरेषा तुटली. चित्रपटांत, नाटकात, आकाशवाणीवर काम केलेली पुष्कळ मंडळी इथे लिहितात, म्हणून विचारते. दोन मिनिटांत उत्कंठा कशी निर्माण करावी?


तिसरी घंटा

मृद्गंध, तुमचे मित्र दचकले आणि विसरून गेले, याचे कारण तुमच्या वर्णनातच आहे. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या १९६२ सालच्या प्रदीर्घ मुलाखतीत याचा उलगडा केलेला आहे. दोन माणसे टेबलाशी बसून साधे बोलत आहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने आधी पाहिलेला असेल आणि समोर भिंतीवर घड्याळ असेल, तर तेच कंटाळवाणे बोलणे तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. तुमचा खांद्यावरचा हात हा पहिल्या जातीचा आहे. प्रेक्षकाला आधी काहीच ठाऊक नाही, त्यामुळे त्याला काळजी करायला जागाच उरलेली नाही.

आपल्याकडे ‘रहस्यपट’ हा एकच शब्द सगळ्यासाठी वापरला जातो आणि त्यामुळे लिहिताना घोटाळा होतो. रहस्य मागे पाहते आणि ‘हे कोणी केले’ असे विचारते. थरार पुढे पाहतो आणि ‘आता याचे काय होणार’ असे विचारतो. दोन मिनिटांत तुम्हाला दुसरा प्रश्न उभा करायचा आहे, आणि त्यासाठी पात्राला ठाऊक नसलेली किमान एक गोष्ट प्रेक्षकाच्या हाती द्यावी लागेल.

दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा १९३१ सालचा ‘एम’ हा चित्रपट मिळवून त्याची सुरुवात पाहा. एक आई शाळेतून येणाऱ्या मुलीसाठी टेबल मांडते. रस्त्यात ती मुलगी एका खांबावर चेंडू आपटत आहे आणि त्या खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्यासाठी बक्षिसाची जाहिरात आहे. जाहिरातीवर एका माणसाची सावली पडते. त्यानंतर हिंसेचे एकही दृश्य नाही. आई हाका मारते आणि आपल्याला रिकामा जिना दिसतो, वाळत घातलेल्या कपड्यांचा रिकामा माळा दिसतो, टेबलावरची रिकामी ताटली दिसते, गवतातून घरंगळत आलेला चेंडू दिसतो आणि शेवटी विजेच्या तारांत अडकलेला फुगा दिसतो. नव्वदहून अधिक वर्षे झाली तरी ते पाहताना घशात आवंढा येतो.

तुमच्या गिरणीत ती रिकामी ताटली कोणती, याचा शोध घ्या. माझ्या मते ती डब्यांच्या रांगेतच आहे. दळण टाकून गेलेले माणूस डबा न्यायला येत नाही, ही गोष्ट प्रत्येक मराठी घराला खटकेल. कोणी आपले पीठ सोडून देत नाही. आणि मुलीऐवजी गिरणीवाल्याच्या नजरेने हा प्रसंग पाहता येईल का, याचाही विचार करा. संकटात सापडलेली एकटी तरुणी शंभरदा पाहून झाली आहे.


थेम्सकाठ

हा धागा वाचून आमच्या घरातले ते दोन महिने आठवले. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या (आपल्या अकरावी-बारावीसारख्या टप्प्याच्या) माध्यम अभ्यासात अगदी हाच स्वाध्याय अनेक वर्षे असे: एका नव्या कथापटाची नामावलीसह सुरुवात, कमाल दोन मिनिटे. चित्र आणि आवाज मुलांनी स्वतः तयार केलेले असले पाहिजेत. केवळ संगीत आणि ध्वनिपरिणाम हक्कमुक्त साठ्यातून घेण्याची मुभा होती. माझ्या मुलीने तो केला आहे.

मुख्य कामाआधी त्यांना एक छोटा सराव करावा लागे आणि तो मला फार शहाणपणाचा वाटला. एक पात्र दार उघडते, खोली ओलांडून खुर्चीत बसते आणि समोरच्या पात्राशी दोन-चार वाक्ये बोलते, इतकेच चित्रित करायचे. त्यातच सगळे व्याकरण येते. बाहेरून दाराची मूठ फिरवणारा हात आणि आतून उघडणारे दार यांचा सांधा दिसता कामा नये. बोलणाऱ्या दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडता कामा नये, नाहीतर ती दोघे एकाच दिशेला पाहत बोलत आहेत असे दिसते. माझ्या मुलीच्या गटाला हे साधायला तीन शनिवार लागले होते.

तुम्हीही गिरणीतल्या एका साध्या कृतीवर हा सराव करा: डबा उचलणे, काट्यावर ठेवणे, चिठ्ठी लिहिणे. तिच्या वर्गातल्या बहुतेक गटांनी जंगल आणि डोक्यावरून टोपी ओढलेला अनोळखी माणूस निवडला होता, त्यामुळे सगळ्यांचे काम सारखेच दिसत असे. तुमची गिरणी ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.


कानसेन

आवाजाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण विद्यार्थ्यांच्या कामात सर्वाधिक हेळसांड आवाजाचीच होते.

गिरणी चालू असताना संवाद टिपण्याचा प्रयत्न सोडून द्या. ते शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. उलट त्या आवाजाचा उपयोग करा. पहिला मिनिटभर गिरणी इतकी भरून राहू द्या की प्रेक्षकाला तिची सवय होईल. मग वीज जाईल तेव्हा ती थांबेल, आणि ते थांबणे हाच तुमच्या दोन मिनिटांतला सर्वांत मोठा आवाज ठरेल. जाते एकदम थांबत नाही. आधी सूर खाली उतरत जातो, पट्ट्याचे फटके सुटे सुटे ऐकू येऊ लागतात आणि शेवटी एखादा फटका इतक्या उशिरा येतो की आपण पुढच्याची वाट पाहत राहतो. हे थांबणे काकांकडून चार-पाच वेळा करवून घ्या आणि प्रत्येक वेळी पूर्ण शांतता होईपर्यंत ध्वनिमुद्रण चालू ठेवा. मोबाइलला कॉलरचा माइक जोडला तरी पुरेल, पण मोटरच्या शेजारी ठेवू नका. सर्वांत मोठ्या क्षणी ध्वनिमुद्रणाची पातळी उणे १२ डेसिबलच्या (शून्य म्हणजे आवाज फाटण्याची मर्यादा) आसपास राहील इतक्या अंतरावर ठेवा, कारण एकदा फाटलेला आवाज नंतर कोणत्याही उपायाने शिवता येत नाही.

त्यानंतर सर्वांनी श्वास रोखून उभे राहावे आणि एक मिनिट रिकाम्या गिरणीची शांतता टिपावी. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते आणि संकलनात दोन तुकड्यांच्या मधली फट त्याच शांततेने भरावी लागते. डब्याचे झाकण, चिठ्ठीचा कागद, शटरची साखळी हे आवाज दुसऱ्या दिवशी निवांतपणे जवळून घ्या.

पार्श्वसंगीताविषयी एक आठवण देतो. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या १९५८ सालच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ या चित्रपटाची सुरुवात एका गाडीत बॉम्ब ठेवण्याने होते आणि तीन मिनिटांहून अधिक काळ एकाच अखंड दृश्यात कॅमेरा ती गाडी आणि रस्त्यावरची माणसे यांच्यासोबत फिरतो. निर्मितिसंस्थेने त्यावर नामावली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत घातले. वेल्स यांनी बदललेला चित्रपट पाहून ५८ पानांचे टिपण लिहिले. त्याच्या आधारे संकलक वॉल्टर मर्च यांनी १९९८ साली नवे संकलन केले, तेव्हा नामावली हटवली गेली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरच्या दुकानांतून आणि गाडीच्या रेडिओतून येणारे सूर आले. मी दोन्ही आवृत्त्या विद्यार्थ्यांना लागोपाठ ऐकवतो. डोळे मिटून ऐकले तरी दुसऱ्या आवृत्तीत गाडी जवळ येते, दूर जाते आणि छातीत धडधडते.

तेव्हा तयार भीतिदायक संगीत वापरू नका. सूर हवाच असेल तर गिरणीवाला स्वतःशी काही गुणगुणू दे. ‘संगीत सौभद्र’ १८८२ सालचे आहे आणि अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली निवर्तले, त्यामुळे त्यातले पद तुमच्या नटाने स्वतः गुणगुणले तर हक्काचा प्रश्न येत नाही. जुनी ध्वनिमुद्रिका लावायची असेल तर मात्र हिशेब करा. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो आणि शब्दांचा व चालीचा हक्क त्या त्या रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. दोन्ही स्वतंत्र आहेत.


मृद्गंध

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही पाचही जण हा धागा मोठ्याने वाचत बसलो होतो. नवा आराखडा असा आहे.

गिरणीवाला एकटा आहे, शेवटचे दळण चालू आहे. तो डबे पुसून रांगेत लावतो. एका डब्यावरची चिठ्ठी पिवळी पडली आहे आणि तिच्यावर अकरा दिवसांपूर्वीची तारीख आहे. वीज जाते, गिरणी थांबते. अंधारात झाकणाचा आवाज येतो. वीज परत येते तेव्हा तो डबा जागेवर नाही, आणि जमिनीवर सांडलेल्या पिठात अनवाणी पावले आत आलेली दिसतात. बाहेर जाणारी पावले नाहीत.

काकांनी एक उपयुक्त गोष्ट सांगितली. वीज परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, स्टार्टरचे हिरवे बटण पुन्हा दाबावे लागते. म्हणजे उजेड येईल पण गिरणी गप्पच राहील. ही शांतता आम्हाला न मागता मिळाली.

अडचण एवढीच की अंधार कसा चित्रित करावा, हे अजून जमत नाही. मेणबत्ती वापरावी असा विचार आहे.


कंदील

मेणबत्ती नको. हे सर्वप्रथम लिहितो आणि कृपया गटातल्या प्रत्येकाला सांगा. बंद जागेत हवेत उडालेले पीठ ज्योतीने पेट घेऊ शकते आणि त्याचा स्फोट होऊ शकतो. पिठाच्या मोठ्या कारखान्यांत अशा दुर्घटना झालेल्या आहेत. मेणबत्ती, काडेपेटी, धुरासाठी उदबत्ती, तापणारे हॅलोजन दिवे यांपैकी काहीही गिरणीत नेऊ नका, आणि प्रकाशझोतात छान दिसते म्हणून मुद्दाम पीठ उधळू नका. पात्राच्या हातात बॅटरी द्या. वीज घालवण्याचे काम काकांनीच करावे. मुख्य स्विचला कोणी विद्यार्थ्याने हात लावू नये.

आता तुमच्या करड्या, दाणेदार चित्राविषयी. तुम्ही खरोखरच दिवे बंद केले असणार. मोबाइलचा कॅमेरा अंधार दिसताच आपणहून संवेदनशीलता वाढवतो आणि त्याबरोबर दाणेही वाढतात. प्रेक्षकाला अंधार वाटण्यासाठी पडद्यावर कुठेतरी थोडा उजेड लागतो, म्हणजे बाकीचे काळे आहे हे डोळ्याला समजते. खिडकीबाहेर एक एलईडी पॅनल उंचावर लावा, त्यावर नारिंगी जिलेटिन कागद बांधा आणि रस्त्यावरच्या दिव्याचा भास निर्माण करा. तो उजेड नटाच्या मागून आणि बाजूने यावा. त्याचा चेहरा अर्धा दिसला तरी पुष्कळ. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) हाताने कुलूपबंद करा, आयएसओ, म्हणजे त्या संवेदनशीलतेचा आकडा, ४०० ते ८०० च्या पुढे जाऊ देऊ नका आणि मग चित्र थोडे गडदच ठेवा.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर त्याचे कारण आपली ५० हर्ट्झची वीज आहे. मोबाइल सहसा सेकंदाला ३० चौकटी टिपतो आणि शटर १/६० च्या आसपास ठेवतो, त्याचा विजेच्या लयीशी मेळ बसत नाही. २५ चौकटी आणि १/५० शटर ठेवा, पट्टे जातील.

एक छोटी बाब: कॅमेरा लेन्स बदलण्याच्या जातीचा असेल तर गिरणीच्या आत लेन्स काढू नका. पीठ सेन्सरवर बसले की पूर्ण रात्रीच्या चित्रणात डाग दिसतात. माझे असे एक अख्खे चित्रण वाया गेलेले आहे.


मृद्गंध

मेणबत्ती रद्द केली. काकांना विचारले तेव्हा तेही म्हणाले की गिरणीत आगपेटी आणायची नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम आहे.

दुसऱ्या गोष्टीला मात्र त्यांनी साफ नकार दिला. जमिनीवर पीठ पसरून त्यावर पाय देणार आहोत असे कळल्यावर त्यांचा चेहराच उतरला. “अन्न पायाखाली तुडवू देणार नाही, दुसरे काहीही करा,” असे ते म्हणाले. झाडलोटीचे पीठ, जे लोक खळीसाठी किंवा जनावरांसाठी नेतात, ते वापरतो असे सांगून पाहिले, पण मला स्वतःलाच ते पटेना. पावलांशिवाय शेवट कसा करावा, हे सुचत नाही.


कात्रण

काकांनी तुमच्यावर उपकार केले आहेत. तुमच्या आराखड्यात शेवटी दोन धक्के होते: डबा नाहीसा होणे आणि पावले उमटणे. दोन मिनिटांच्या कामात ते एकमेकांना मारतात, कारण प्रेक्षक एकाचा अर्थ लावेपर्यंत दुसरा समोर येतो. शिवाय डबा नाहीसा झाला की गिरणीवाल्यालाही ते दिसणारच, आणि मग तिसरी घंटा यांनी सांगितलेले सूत्र हातचे जाते.

मी संकलनाचे काम करतो, त्यामुळे माझा विचार नेहमी ‘आधी काय दाखवले’ इथून सुरू होतो. तुम्हीच लिहिले आहे की तो डबे पुसतो. त्याने सगळे डबे पुसावेत आणि तो एक डबा पुसू नये. हात त्याच्यापाशी येऊन थांबावा आणि पुढच्या डब्याकडे जावा. मग जवळून त्या डब्याचे झाकण दाखवा: अकरा दिवसांच्या पिठाचा सपाट, मऊ थर, कुठेही ओरखडा नाही. हे दृश्य किमान चार सेकंद ठेवा, कारण प्रेक्षकाने तो थर लक्षात ठेवायचा आहे. वीज परत आल्यावर तेच झाकण, तोच कोन, तेच अंतर. थरावर चार बोटांचे ओढल्यासारखे ठसे. डबा जागेवरच आहे. गिरणीवाला पाठमोरा आहे आणि त्याने ते पाहिलेले नाही.

ही दोन्ही दृश्ये कॅमेरा ट्रायपॉडवरून न हलवता लागोपाठ घ्या. प्रकाश जमिनीला जवळजवळ समांतर, अगदी खालून एका बाजूने टाका. समोरून टाकला तर ठसे दिसणार नाहीत. पीठ चाळणीने चाळून पाडा म्हणजे थर एकसारखा बसेल, आणि काम झाल्यावर ते पुन्हा डब्यात भरता येईल. त्यात पाय कुठेच येत नाही.

वेळेचा हिशेबही आधी करा. १२० सेकंद म्हणजे २५ च्या गतीने ३००० चौकटी. साधारण ५० सेकंद गिरणी चालू, १० सेकंद तिचे थांबणे, २५ सेकंद अंधार, उरलेल्यात उजेड, ठसे, शटर आणि शीर्षक. अंधाराचा भाग तुम्हाला संकलनाच्या टेबलावर लांब वाटेल आणि तो कापण्याचा मोह होईल. तो कापू नका. कापायचाच असेल तर सुरुवातीचा भाग कापा. आणि आवाज नेहमी चित्राच्या आधी आणा: शटरची साखळी खडखडलेली ऐकू यावी आणि मगच साखळीवरचा हात दिसावा.


तिसरी घंटा

कात्रण यांचा डबा मला पूर्ण मान्य आहे. फक्त शेवट मी निराळा करीन. गिरणीवाल्याने दिवा मालवावा, बाहेर पडावे आणि शटर ओढावे, पण कॅमेऱ्याने त्याच्याबरोबर बाहेर जाऊ नये. कॅमेरा आतच राहावा. उजेडाची पट्टी बारीक होत होत मिटावी, बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज यावा आणि आपण आत राहावे, त्या डब्यासह आणि जे कोणी आत आहे त्याच्यासह. नाटकात आम्ही याला प्रेक्षकाला कोंडणे म्हणतो.

अभिनेत्याला एकच सूचना द्या: घाबरायचे नाही. त्या डब्यापाशी हात थांबतो तेव्हा चेहऱ्यावर भीती आली तर सगळे वाया जाईल. ज्याचा डबा आहे त्याला तो ओळखत होता, इतकेच त्याने मनात ठेवावे.


टंकसाळ

शीर्षकाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. मी अक्षरजुळणीचे काम करते आणि देवनागरी नामावलीची आबाळ पाहून मला खरोखर क्लेश होतात.

शिरोरेषा तुटण्याचे कारण असे: इंग्रजी थरारपटांच्या धर्तीवर तुम्ही अक्षरांमधले अंतर वाढवले असणार. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यांना ते मानवते. देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना जोडते, त्यामुळे अंतर वाढवताच शब्दाचे तुकडे होतात. अंतर शून्यच ठेवा. शब्द रुंद दिसावा असे वाटत असेल तर मुळातच रुंद घडणीचा टंक निवडा. ‘एक टाइप’ या टंक घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा टंक मुक्त परवान्याने मिळतो आणि त्याची अनेक वजने उपलब्ध आहेत. ‘तिरो देवनागरी मराठी’ या टंकात ल आणि श यांची मराठी वळणे आहेत, आणि तुमच्या शीर्षकात ‘ळ’च्या शेजारी ल नसला तरी नामावलीत तो येणारच.

संकलनाच्या काही प्रणाली देवनागरी नीट जुळवत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहतात. अशा वेळी प्रत्येक पाटी दुसऱ्या प्रणालीत नीट टंकित करून पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्राच्या रूपात आणावी.

लाल रंग सोडा. काळ्यावरची गडद लाल अक्षरे संकुचित व्हिडिओत कडांना फाटतात, कारण त्यात रंगाची माहिती उजळपणाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते. पिठासारखा किंचित पिवळसर पांढरा घ्या. प्रत्येक पाटी तुम्ही स्वतः सावकाश दोनदा वाचू शकाल इतका वेळ राहावी, म्हणजे तीन सेकंदांच्या आत-बाहेर. आणि झाकणाच्या दोन्ही दृश्यांवर एकही अक्षर येऊ देऊ नका. तिथे नजर एकाच जागी हवी.


मृद्गंध

काल रात्री चित्रण पूर्ण झाले. साडेनऊला सुरू केले आणि पावणेदोनला संपले. शेजारच्या दोन घरांना आधी कळवले होते आणि गटातल्या आम्हा दोघी मुलींना काकूंनी रात्री घरीच ठेवून घेतले.

गिरणीवाल्याचे काम शेवटी काकांनीच केले. आमच्या नटाला डबा नीट उचलता येईना. भरलेला डबा गुडघ्याचा आधार देऊन काट्यावर चढवण्याची जी सवय असते, ती दोन दिवसांत येत नाही. काकांना फक्त एवढेच सांगितले की हा डबा पुसायचा नाही. त्यांचा हात तिथे थांबला आणि त्यांनी कपडा घडी करून खांद्यावर टाकला, मग पुढचा डबा घेतला. हे आम्ही सांगितलेले नव्हते. नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले की पूर्वी एक आजोबा दळण टाकून गेले आणि परत आलेच नाहीत. तो डबा त्यांनी महिनाभर तसाच ठेवला होता आणि शेवटी त्यांच्या घरी नेऊन दिला होता.

झाकणाचा थर चौथ्यांदा नीट बसला. बोटांचे ठसे आमच्यातल्या सर्वांत लहान हाताच्या मैत्रिणीचे घेतले, आणि ते पाहून आम्ही सगळेच काही क्षण गप्प झालो, कारण ते लहान मुलाचे वाटत होते. तसे ठरवले नव्हते, पण ठेवले.

आज दुपारी कच्चे संकलन वर्गातल्या त्याच मुलांना दाखवले. कोणी दचकले नाही. शटर मिटले आणि कुलूप लागल्याचा आवाज आला तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “अहो, त्यांना सांगा ना, आत कोणीतरी आहे.”

आता एकच प्रश्न उरला आहे. शीर्षक आल्यावर झाकण उघडल्याचा आवाज ठेवावा की नाही, यावर गटात दोन तट पडले आहेत.


कानसेन

ठेवा, पण शीर्षकावर नको. शीर्षक येऊ दे, गिरणीच्या शांततेत तीन सेकंद राहू दे, मग जाऊ दे. पडदा पूर्ण काळा झाल्यावर एक सेकंद थांबा आणि तेव्हा झाकणाचा आवाज द्या, तोही उघडण्याचा नको. झाकण परत बसवताना पत्र्यावर पत्रा दाबल्याचा जो बारीक ‘टक्’ येतो, तो द्या. उघडण्याचा आवाज तर आपण अंधारात ऐकलेला आहे.


कात्रण

आणि त्या ‘टक्’नंतर बारा चौकटी काळ्या ठेवा, त्याहून जास्त नको. त्या बारा चौकटींत तुम्ही मिनिटभर टिपलेली गिरणीची शांतता चालू राहू दे, पूर्ण निःशब्दता नको. संकलन पक्के झाले की इथेच दुवा द्या.